विक्रीच्या टाकीतील माशांना वाली कोण?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानांतील टाक्यांची अवस्था हा विषय वृत्तपत्रांच्या पानांवर सहसा येत नाही. पिंजऱ्यात कोंबलेली कुत्र्याची पिल्ले किंवा पंख छाटलेले पोपट पाहिले की लोक हळहळतात, तक्रार करतात, निदान विक्रेत्याला चार शब्द सुनावतात. माशांच्या वाट्याला एवढेही येत नाही. मासा केकाटत नाही, त्याला पापण्या नाहीत, त्याच्या तोंडावर वेदना उमटलेली आपल्याला ओळखता येत नाही, आणि म्हणून तो मरणाच्या दारात असला तरी काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला फक्त त्याचे रंग दिसतात. या दुर्लक्षाबद्दल मला आपल्या वाचकांशी आणि त्यांच्यामार्फत विक्रेत्यांशी बोलायचे आहे.

सर्वांत मोठा गैरसमज पाण्याविषयीचा आहे. पाणी नितळ दिसले म्हणजे ते चांगले, असे ग्राहक समजतो आणि दुकानदारही तेवढ्यावरच समाधान मानतो. प्रत्यक्षात माशाला मारणारी विषे डोळ्यांना दिसत नाहीत. मासा शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो; न खाल्लेले खाद्य, विष्ठा आणि कोपऱ्यात कुजत पडलेला मेलेला मासा त्यात भर घालतात. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो, पण काचेच्या पेटीत तो साचत राहतो. त्याचा निचरा करतात ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत नीट बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे भरले, किंवा असलेल्या वस्तीला पेलवणार नाहीत इतके भरले, तर अमोनियाने कल्ले पोळतात, आणि नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच काढून घेते. अशा माशाचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू असतानाही तो गुदमरतो.

दुर्दैवाची गोष्ट अशी, की टाकी चकचकीत ठेवण्याच्या खटपटीतच पुष्कळदा हे जिवाणू मारले जातात. स्पंज क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याखाली खळखळून धुतला जातो, सगळे पाणी एकदम उपसून नवे भरले जाते, क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण घालायचे राहून जाते, आणि दुसऱ्या दिवशी आरशासारख्या स्वच्छ पाण्यात मासे तडफडू लागतात. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळणे आणि पाण्याचा थोडाच भाग नियमितपणे बदलणे याला पैसे लागत नाहीत. ते माहीत असावे लागते आणि नेमाने करावे लागते, इतकेच.

प्राणवायूचेही तसेच आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साधारण ७.५ मिलिग्रॅमवर येतो. उकाड्यात माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते, आणि त्याच वेळी वाढलेल्या तापमानामुळे अमोनियाही अधिक विषारी होतो. खच्चून भरलेल्या टाकीतला एअर पंप बंद पडला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात. ‘बघ, खायला मागताहेत’ असे पालक मुलांना कौतुकाने सांगतात. पुष्कळदा ते मासे श्वासासाठी धडपडत असतात.

दुकानात पोहोचण्यापूर्वीच माशाने बरेच सोसलेले असते. प्रवासात पिशवीतील पाणी घाण होऊ नये म्हणून त्याला आधी उपाशी ठेवतात आणि प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात. श्वसनातून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतले पाणी आम्लतेकडे झुकते, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया काही काळ कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, आम्लता घटते आणि अमोनिया आपले खरे रूप दाखवतो. म्हणून नव्याने आलेल्या माशांना हाताळण्यात कौशल्य लागते, आणि त्यानंतर त्यांना विक्रीच्या टाक्यांपासून दूर, शांत टाकीत विश्रांती व निरीक्षण लागते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी आलेला माल, आणि ‘माल’ हाच शब्द वापरला जातो, त्याच दिवशी काचेमागे मांडला जातो.

थकलेल्या माशाची रोगप्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखे परजीवी तीच संधी साधतात. अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसा दिसणारा हा रोग एका टाकीपुरता राहत नाही. दहा टाक्यांतून एकच जाळी फिरत असेल किंवा सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असेल, तर तो दुकानभर पसरतो. औषधही लगेच लागू पडत नाही, कारण परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच त्याला मारता येते. म्हणजे उपचार बरेच दिवस चालवायला हवेत आणि तोवर त्या टाकीतील विक्री थांबायला हवी. ती थांबत नाही. रोग पिशवीतून ग्राहकाच्या घरी जातो आणि तिथले जुने, सुदृढ मासेही घेऊन जातो.

बेट्टाची, म्हणजे ज्याला दुकानात फायटर म्हणतात त्या माशाची, दशा याहून दयनीय आहे. त्याच्या डोक्यात हवेतून प्राणवायू घेणारा एक खास अवयव असतो, त्यामुळे तो थोड्या पाण्यातही लगेच मरत नाही. या एका देणगीची त्याला जन्मभर शिक्षा भोगावी लागते. नर एकमेकांशी झुंजतात म्हणून ते वेगळे ठेवावे लागतात, हे खरे; पण वेगळे ठेवायचे म्हणजे पेलाभर पाण्यात, हीटरविना, फिल्टरविना, शेजारच्या पेल्यातील प्रतिस्पर्धी दिवसभर समोर दिसत राहील असे रांगेत मांडायचे, हा अर्थ कोणी काढला? थायलंडमधील उथळ दलदली आणि भातखाचरे हे त्याचे मूळ घर. तिथले पाणी उथळ असले तरी उबदार, वनस्पतींनी भरलेले आणि हिंडायला मोकळे असते.

गोल्डफिश आणि गोल काचपात्र यांची जोडी तर चित्रांतून इतकी रुजली आहे, की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही. साध्या शेपटीचा गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर लांब होतो आणि दहा ते वीस वर्षे सहज जगतो. ब्रिटनमधील एका गोल्डफिशचे वय ४३ वर्षे नोंदले गेले आहे. अशा जिवाला दोन-चार लिटरच्या भांड्यात देणे म्हणजे त्याला हप्त्याहप्त्याने मारणे आहे. इटलीतील मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल पात्रांत मासे ठेवण्यावर बंदी घातली, तेव्हा त्या निर्णयाची जगभर गंमत झाली. मला त्यात गमतीचे काही दिसत नाही. पुढे जाऊन मासा केवढा होईल, हे विक्रेत्याने न सांगण्याचे परिणाम टाकीबाहेरही जातात. बोटभर लांबीचा असताना काच साफ करणारा म्हणून विकलेला सकर मासा फूट-दीड फुटांचा होतो, टाकीत मावेनासा होतो, मग कोणीतरी त्याला ‘सोडून द्यावे’ म्हणून तळ्यात टाकतो, आणि तिथले स्थानिक मासे त्याची किंमत मोजतात.

माशाला काय कळते, असा प्रश्न यावर हमखास येतो. २००३ मध्ये जीवशास्त्रज्ञ लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची नोंद केली. ओठांत दाहक द्रव टोचल्यावर ते मासे डोलू लागले, काहींनी ओठ खड्यांवर घासले, आणि पुन्हा खाऊ लागायला त्यांना इतर माशांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. माशाची वेदना आपल्यासारखीच असते का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालत आहेत. मात्र त्या वादाचा निकाल लागेपर्यंत शंकेचा फायदा माशाला मिळावा, दुकानाला नव्हे.

विक्रेत्यांच्या अडचणी मी नाकारत नाही. नफा थोडा, वीज सतत हवी, माल नाजूक, आणि ग्राहकाला सगळे स्वस्त हवे असते. अनेक विक्रेते मनापासून माशांची निगा राखतात आणि चुकीची जोडी किंवा अपुरी टाकी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला स्पष्ट नकारही देतात. परंतु ‘मेला तर दुसरा देऊ’ हे आश्वासन जिथे सेवा म्हणून दिले जाते, तिथे मासा बरा ठेवण्यापेक्षा बदलून देणे सोपे ठरते, आणि माझ्या मते या सगळ्या हलगर्जीपणाचे मूळ तिथेच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक टाकीवर किंमतीच्या शेजारी मासे कधी आले ती तारीख, पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, लागणारी किमान टाकी आणि त्या दिवशी तपासलेले अमोनिया, नायट्राइट व तापमान लिहिलेले असावे. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही शून्य असायला हवेत, आणि ते तपासणारे किट याच दुकानांत विकायला ठेवलेले असते. आजारी किंवा मेलेला मासा दिसेल त्या टाकीतील विक्री, ती टाकी निरोगी ठरेपर्यंत, बंद राहावी. प्राणिविक्रीचे परवाने देणाऱ्या यंत्रणांनी तपासणीच्या वेळी पिंजऱ्यांइतकेच टाक्यांकडेही पाहावे.

ग्राहकानेही पिशवी हातात घेण्याआधी मासा आपल्यासमोर खातो का ते पाहावे. पर मिटलेले, कल्ले भराभर हलणारे किंवा कोपऱ्यात निपचित पडलेले मासे असतील तर तिथून काहीच घेऊ नये. दया येऊन असा एखादा मासा ‘वाचवण्यासाठी’ विकत घेणाऱ्यांना मी विशेष विनंती करतो: दुकानाच्या हिशेबात ती विक्रीच असते आणि त्याच टाकीत त्याच्या जागी दुसरा मासा येतो.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्रालाही. घरसजावटीच्या पुरवण्यांत टेबलावरील फुलदाणीशेजारी गोल काचपात्रातला एकटा मासा शोभेची वस्तू म्हणून छापला जातो. ती छायाचित्रे कृपया यापुढे छापू नयेत.

आपला विश्वासू,
मासे पाळणारा एक वाचक