मॅडम, तुम्ही परत आलात

आदरणीय मॅडम,

आमच्या पोलीस चौकीतून तुमची बदली झाली, त्या निरोपाच्या दिवशी गर्दीत नीट बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझा गळाही दाटून आला होता. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण आभार माझ्या एकटीचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतच सासूबाईंच्या गळ्यातली साखळी गेली. तक्रार नोंदवली, कागदावर सही केली, घरी आलो. पुढे काही होईल अशी आशा नव्हती. नवव्या दिवशी तुम्ही चालत आलात. गाडी नाही, सोबत कोणी नाही. टोपी काढून मांडीवर ठेवलीत, पायरीवरच बसलात आणि म्हणालात, "आजी, साखळी अजून सापडलेली नाही. तपास कुठवर आलाय ते सांगायला आले." सापडली नाही हे सांगायलाही पोलीस घरी येतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सासूबाई त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपल्या.

मग दर महिन्याच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीला आम्ही घाबरतच आलो. पोलिसांशी बोलताना दिसलो तर लोक खबरी म्हणतील, ही धास्ती होतीच. तुम्ही ती ओळखलीत. "मला नावं नकोत, अडचण सांगा," म्हणालात आणि लोक बोलायला लागले. तुमच्या लांबट वहीत तीन रकाने असायचे: काय अडलंय, कोण करणार, कधीपर्यंत. मधल्या रकान्यात दर वेळी पोलीसच नसायचे, हे मला फार आवडायचं. बंद दिव्यांचा पाठपुरावा तुमच्याकडे, वाटेवरच्या झुडपांची छाटणी आमच्याकडे. पुढच्या बैठकीत तुम्ही तीच वही उघडून आधी न झालेली कामं वाचायचात.

कठड्यावर बसणाऱ्या पोरांचं तर सांगायलाच हवं. आम्ही सगळे म्हणत होतो, एकदा चौकीत नेऊन दम द्या. तुम्ही मात्र तीन संध्याकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसलात. मैदानाचं फाटक सातलाच बंद होतं म्हणून ती तिथे येतात, हे तुमच्याकडून कळलं. आम्ही इतकी वर्षं शेजारी असून कधी विचारलं नव्हतं. फाटक नऊपर्यंत उघडं राहू लागलं आणि कठडा आपोआप रिकामा झाला. एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा तक्रार येत असेल तर ती नुसती निपटू नका, तिच्या मुळाशी जा, असं हर्मन गोल्डस्टीन या अमेरिकन अभ्यासकाने 1979 मध्ये मांडलं होतं. ते मी नंतर वाचलं. पाहिलं होतं त्याआधीच, त्या कठड्यावर.

"चोऱ्या लगेच थांबतील असं वचन मी देणार नाही," असं तुम्ही पहिल्याच बैठकीत म्हणाला होतात. तेव्हा काही जण नाराज झाले, मीही झाले. तुमचं म्हणणं पुढे वाचताना पटलं. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला होता; त्याचा अहवाल 1981 मध्ये आला. गुन्ह्यांच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक पडला नव्हता, पण लोकांची भीती कमी झाली होती आणि पोलिसांविषयीचं मत सुधारलं होतं. भीती कमी होणं ज्यांना किरकोळ वाटतं, त्यांनी आमच्या सासूबाईंना दिवेलागणीनंतर एकट्या फिरायला जाताना पाहावं.

जपानमध्ये वस्तीवस्तीत कोबान नावाच्या छोट्या चौक्या असतात आणि तिथले पोलीस घरोघरी जाऊन ओळख करून घेतात. तिथे ती रीतच आहे. आमच्याकडे सगळं तुमच्या एकटीच्या स्वभावावर उभं होतं. त्यामुळे बदलीचं कळलं तेव्हा पोटात गोळाच आला.

पण शेवटचा आठवडाभर तुम्ही नव्या साहेबांना घेऊन दारोदार फिरलात. कोणाला ऐकू कमी येतं, कोण रात्रपाळीला जातं, कोणाच्या घरी एकटी म्हातारी माणसं असतात, सगळं त्यांना सांगितलंत.

परवा ते आले. चालतच आले. काखेत तुमचीच वही होती. पायरीपाशी थांबून त्यांनी पान उघडलं आणि विचारलं, "कोपऱ्यावरचा दिवा अजून बंदच आहे ना?"

सासूबाईंनी सरकून त्यांना बसायला जागा केली.

तुमची,
त्याच गल्लीतली एक