मंत्रिमहोदय, बादली कोण रिकामी करणार?

पूर्व लंडन, जानेवारी १९४१

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
व्हाइटहॉल, लंडन

सविनय नमस्कार.

नाताळाच्या आधी आम्हांला लेखी कळवण्यात आले होते. शेल्टरांतले, म्हणजे बॉम्बहल्ल्यांपासूनच्या आसऱ्यांतले, आरोग्य तपासणाऱ्या लॉर्ड हॉर्डर समितीच्या शिफारशींप्रमाणे आमच्या शेल्टरमध्ये नववर्षापूर्वी गटाराला जोडलेले संडास बसतील, हात धुवायला नळ येईल आणि रात्रभर एक माणूस सफाईला राहील, असे त्यात होते. नववर्ष आले. संडास आले नाहीत. चार बादल्या आल्या, गोणपाटाचा एक पडदा आला आणि सफाईला जो एकुलता एक माणूस होता त्याला ढिगारे उपसायला धाडले. चौकशी केली तर उत्तर मिळाले, बाब विचाराधीन आहे. विचार लवकर संपावा म्हणून हिशेब आम्हीच मांडून देतो. सही करणाऱ्यांत रत्नागिरी-मालवणकडचे गोदीतले खलाशी आहेत, तसे सॅनिटरी इन्स्पेक्टरचे शिक्षण झालेले आणि औषधे जाणणारेही आहेत, तेव्हा आकडे तपासून घ्यायला हरकत नाही.

शेल्टरमध्ये दोनशे माणसे. आत शिरतात संध्याकाळी सहाला, बाहेर पडतात सकाळी सहाला. बारा तासांत माणशी दीड पाइंट मैला-मूत्र धरा, हे कमीच धरले आहे. एकूण तीनशे पाइंट, म्हणजे आठ पाइंटांचा एक याप्रमाणे साडेसदतीस गॅलन. बादली चार गॅलनची, पण ती तीन गॅलनांवर भरू देता येत नाही, नाहीतर उचलताना हिंदकळून जिन्यावर सांडते. म्हणजे रात्रीला तेरा बादल्या हव्यात. आपण दिल्या चार. चार बादल्या रात्री दहाच्या सुमाराला भरतात. दहानंतरचे आठ तास लोकांनी काय करावे, हे कोणत्याही परिपत्रकात आमच्या वाचनात आले नाही.

ते काय करतात ते सांगतो. पुरुष भिंतीचा कोपरा गाठतात. भिंत विटेची, ती मूत्र पिते आणि दुसऱ्या दिवशी हवा तापली की अमोनिया सोडते. डोळे चुरचुरतात, लहान मुले खोकत राहतात. बायका दुपारी तीननंतर पाण्याला शिवतच नाहीत. चहासुद्धा नाही. मग लघवीची जळजळ, ताप, पाठदुखी, आणि दवाखान्यात गेल्यावर ऐकायचे काय, तर भरपूर पाणी पीत जा! म्हातारी माणसे रात्रभर एका जागी आवळून बसतात, पाय सुजतात. पोरे झोपेत ओले करतात आणि गोधडी वाळवायला जागा नाही, म्हणून तीच ओली गोधडी संध्याकाळी पुन्हा पसरतात. हा वास आता कपड्यांत मुरला आहे. बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहतो, त्यावरून कोण कुठल्या शेल्टरचा ते ओळखू येते.

बादलीचेही शास्त्र असते, ते आपल्या कचेरीला शिकवण्याची पाळी आमच्यावर यावी याचे वाईट वाटते. रिकामी बादली ठेवताना तळ झाकेल इतके जंतुनाशक द्रावण घालायचे. नंतर वरून ओतून उपयोग नाही, ते खालपर्यंत जात नाही. झाकण घट्ट बसणारे हवे. बादलीखाली पत्र्याची ताटली हवी, म्हणजे सांडलेले विटांत न मुरता धुता येते. कोणी तरी वास मारायला भुसा आणि कोळशाची राख टाकण्याचा सल्ला दिला आहे. बादली जमिनीत पुरायची असेल तर तो उत्तम. पण इथे बादल्या मॅनहोलमध्ये ओततात, आणि राख व भुसा नऊ इंची गटारात बसला की दोन आठवड्यांत घट्ट बूच तयार होते. मग तळघरांतून मैला वर येतो आणि बोल लावतात बॉम्बला. शिवाय कोणत्या मॅनहोलमध्ये ओतायचे हे रोज ठरवावे लागते. पुढचे गटार फुटले असेल तर तुम्ही ओतलेली बादली फुटल्या जागी खड्ड्यात साचते, आणि त्याच खड्ड्यात पाण्याचा नळही फुटलेला असतो.

भरलेली बादली तीस पौंडांच्या वर जाते. जिना चढून, अंधारात, बाहेर तोफगोळ्यांचे तुकडे पडत असताना ती एका माणसाने न्यायची नसते. दोघांनी दांडीवर अडकवून न्यायची. म्हणजे तेरा बादल्यांना दोन माणसे, रबरी हातमोजे, एक हातगाडी, परत आल्यावर हात धुवायला क्रेसॉल या जंतुनाशकाचे पाणी. आमच्या देशात या कामाला जात लावून ठेवली आहे. तुमच्याकडे खाते लावून ठेवले आहे. करणारा माणूस दिसू नये, ही सोय दोन्हीकडे सारखीच!

आता पाण्याकडे वळतो, कारण खरी भीती तिथे आहे. क्रॉयडनला १९३७ साली काय झाले ते आपल्या खात्याच्या दप्तरात आहे. ॲडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्तीसाठी माणसे उतरली, त्यांतला एक विषमज्वराचा वाहक होता, क्लोरीन नेमके त्याच काळात बंद होते आणि पाणी मात्र गावाला चालू होते. ३४१ आजारी, ४३ मेले. लढाई नव्हती, एकही बॉम्ब पडला नव्हता. आज आमच्या बरोमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत, नळ आणि गटार एकाच खड्ड्यात उघडे पडलेले दिसतात. बॅलहॅमच्या भुयारी स्टेशनात १४ ऑक्टोबरला बॉम्ब पडला तेव्हा नळाचे आणि गटाराचे पाणी एकदमच आत शिरले. त्यात आग विझवणारे पंप नळावर ओढ लावतात तेव्हा दाब शून्याखाली जातो, आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण नळात ओढली जाते. नळ बाहेर गळतो तोवर एक वेळ बरे. तो आत गळायला लागला की संपले.

दुरुस्तीचा क्रम शाळकरी पोरालाही सांगता येईल. आधी गटार बंद करायचे किंवा वळवायचे. खड्ड्यातले पाणी नळाच्या बुडाखाली जाईपर्यंत उपसायचे. नळाचा नवा तुकडा आतून पुसून बसवायचा, आत कुदळीची माती नको. मग जोरात धुऊन काढायचा आणि ब्लिचिंग पावडरचे पाणी भरून थांबवायचे. ताज्या पावडरीत एक-तृतीयांश क्लोरीन असते. एक पौंड पावडर ३,३०० गॅलनांना दहा लाखांत दहा भाग क्लोरीन देते. सहा इंची नळाच्या शंभर यार्डांत सुमारे ३६७ गॅलन पाणी मावते, त्याला पावणेदोन औंस पावडर पुरते. चौपट जोरकस करा, तरी अर्धा पौंड लागत नाही. पैशांची सबब इथे चालायची नाही. चूक होते ती दोन ठिकाणी. एक, पावडरीचा डबा उघडा राहतो. ओलसर कोठारात तिचा जोर काही आठवड्यांत निम्म्यावर येतो आणि मोजणारा जुनेच माप घालतो. दुसरे, घाई. भोंगा वाजायच्या आत झडप उघडायची असते. म्हणून शेवटी पाण्याचा नमुना पांढऱ्या कपात घ्यायचा, स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकायचे. निळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. निळे झाले नाही तर झडप उघडायची नाही, मग कमिशनर येवो की खुद्द पंतप्रधान. नगरपालिकेच्या प्रत्येक टोळीबरोबर ही कुपी द्या. खिशात मावते.

रोगराई अजून पसरली नाही, असे आपले खाते समाधानाने सांगते. ते आपल्या कर्तबगारीने की नशिबाने, ते सांगत नाही. मागच्या महायुद्धात बराकींतल्या खाटांमधले अंतर फूटभराच्या आत आले की मेंदूज्वराचे वाहक झपाट्याने वाढतात, हे आपल्याच लष्करी डॉक्टरांनी दाखवले. आता तीन मजली बंक बसवता आहात, फार उत्तम. निदान एकाचे डोके आणि शेजाऱ्याचे पाय अशी आलटून-पालटून झोपायची पाटी तरी लावा. घटसर्पाने या देशात वर्षाला तीन हजारांच्या आसपास जीव जातात, बहुतेक मुलेच. टोरांटोने लसीच्या जोरावर तो रोग जवळजवळ हद्दपार केला. आपण लस फुकट द्यायला निघालात ती आत्ता, लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात. खरजेचे म्हणाल तर गंधकाचे मलम आहे, पण मलमाआधी गरम पाण्याने घासून अंघोळ लागते, मानेपासून तळपायापर्यंत चोळावे लागते आणि घरातल्या सगळ्यांना त्याच रात्री लावावे लागते. एकाला सोडले की आठवड्यात सगळे पुन्हा खाजवायला बसतात. गरम पाणी कुठे आहे? स्नानगृहाला कोळसा नाही.

आता जबाबदार कोण ते विचारून पाहा. शेल्टर गृहसुरक्षा खात्याचे. त्यातली घाण आरोग्य खात्याची. बांधणार बरो. मोठी गटारे लंडन काउंटी कौन्सिलची, गल्लीतली गटारे बरोची, नळ मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाचे. बेघरांसाठी एक कमिशनर, रस्त्यांसाठी दुसरा, शेल्टरांसाठी एक ॲडमिरल. लंडनचा जुना गाभा असलेली सिटी सोडून अठ्ठावीस बरो, अठ्ठावीस तऱ्हा. ॲडमिरलसाहेबांना बादली दाखवावी तर ते खाते वेगळे! गेल्या एप्रिलात सिमेंटच्या टंचाईवर असेच एक मोघम परिपत्रक निघाले, काही ठिकाणी नुसत्या चुना-वाळूत विटा रचून शेल्टर उभे राहिले आणि जुलैत दुरुस्ती निघाली, तोवर भिंती उभ्या होत्याच. वेस्ट हॅमच्या साउथ हॉल्सव्हिल शाळेत बेघर झालेले लोक बसची वाट पाहत राहिले आणि १० सप्टेंबरला बॉम्ब आधी पोचला. सरकारी आकडा सत्तरच्या घरात आहे, वस्तीतला माणूस चारशेच्या खाली बोलत नाही. आकडा लपवायला मात्र खाते एकच पुरते.

आणि जमत नाही असे म्हणू नका. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या नावाखाली रँडसाहेबांच्या कमिटीने सोजीर घराघरांत घातले, देवघरापर्यंत गेले, सामान जाळले, भिंतींना चुना फासला. तिथे माणसे होती, गाड्या होत्या, चुनाही होता, कोणी मागितलेला नसताना. इथे लोक हात जोडून चुना मागत आहेत तर बाब विचाराधीन. कमर्शियल रोडजवळच्या टिलबरी गोदामात एका रात्री चौदा हजार माणसे झोपल्याचे सांगतात, मैल्यातून वाट काढत. तिकडे सेव्हॉय हॉटेलच्या शेल्टरमध्ये बिछाने, टॉवेल आणि नर्स. सप्टेंबरात स्टेपनीचे लोक तिथे घुसले तेव्हा लंडनला कळले की शेल्टर असाही असतो. जवळच्या फिन्सबरीत पंजाबातून आलेले डॉ. चुनीलाल कटियाल सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष असताना, १९३८ साली आरोग्यकेंद्र उभे राहिले, अख्ख्या बरोसाठी खोल शेल्टरांचा आराखडाही झाला. तो आराखडा १९३९ साली सरकारने नाकारला. खोल शेल्टरांत गेलेले लोक कामावर परत येणार नाहीत, ही भीती! आमचे लोक सहाला बाहेर पडतात आणि सातला गोदीत असतात, साहेब. अंघोळ न करता.

मागणे एवढेच. दोनशे माणसांमागे सोळा बादल्या, म्हणजे तेरा वापरात आणि तीन धुऊन वाळत. दोन पगारी माणसे, संध्याकाळी सहा ते सकाळी सात. बायकांसाठी लाकडी दाराचा वेगळा आडोसा. पिण्याच्या पाण्याला तोटीची टाकी, साखळीला बांधलेला सामाईक पेला नको. आणि या सगळ्याला जबाबदार अशा एका अधिकाऱ्याचे नाव दारावर रंगवलेले. गटाराला जोडलेले संडास येतील तेव्हा येतील.

पाहणीला कोणाला पाठवणार असाल तर संध्याकाळी पाचला पाठवू नका. त्या वेळी बादल्या रिकाम्या असतात, फरशी धुतलेली असते आणि अहवाल छान होतो. पहाटे पाचला पाठवा. गमबूट घालून येऊ द्या.

आपले,
गोदीकाठच्या शेल्टरमधले रहिवासी