रिअल अ‍ॅनालिसिस सोडायचं की नाही: सरांना आभाराचं पत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

रिअल अ‍ॅनालिसिसचा (गणितातल्या लिमिट, सातत्य अशा गोष्टी काटेकोर सिद्ध करायच्या विषयाचा) पेपर धरायचा की सोडायचा, या एका प्रश्नासाठी आपण दांडिया बाजारातल्या माडीवर किती रविवार दिलेत! त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण हा प्रश्न बडोद्यातल्या इतर घरांतही पडतो आणि बऱ्याचदा एका वाईट टेस्टच्या रात्री घाईत सुटतो.

'सोडू नका' असं आपण एकदाही म्हणाला नाहीत. आधी 'सोडणं' म्हणजे काय ते विचारलंत. ऐच्छिक विषय मुदतीत बदलणं वेगळं, सक्तीच्या पेपरला न बसता ए.टी.के.टी. (राहिलेला पेपर घेऊन पुढच्या वर्गात जाणं) ओढवून घेणं वेगळं आणि वर्षच गाळणं आणखी वेगळं. मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, पेपर टाळला तरी सुटत नाही, पुढच्या पेपरांच्या जोडीला परत येतो. म्हणून अर्जाआधी फॅकल्टीच्या ऑफिसात विचारायचं: बदलाची शेवटची तारीख कोणती, फेरपरीक्षा कधी आणि पुढचा कोणता पेपर याच्यावर उभा आहे?

मग हिशेब. २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये ४ क्रेडिटच्या पेपरला ८ ऐवजी ४ ग्रेड पॉइंट पडले, तर एसजीपीए (त्या सेमिस्टरची ग्रेड पॉइंटांची सरासरी) ०.७३ नं उतरतो. शून्य पडला तर १.४५ नं.

सगळ्यात मोलाची होती ती वहीची तपासणी. क्षचा वर्ग हे फलन २ पाशी कंटिन्युअस (सलग, न तुटणारं) आहे, हे पुस्तक मिटून सिद्ध करायला लावायचात. क्षवर्ग वजा ४ चे अवयव, क्ष वजा २ आणि क्ष अधिक २, इथपर्यंत सगळेच पोचतात. दुसऱ्या अवयवाला आवर घालायला क्ष आणि २ यांतलं अंतर आधी १ पेक्षा कमी धरावं लागतं. मग तो ५ च्या आत राहतो आणि डेल्टा (क्षला २ च्या किती जवळ ठेवायचं ते अंतर) म्हणजे १ आणि एप्सिलॉन (उत्तरात चालणारा फरक) भागिले ५ यांतला लहान. ज्याचा फक्त तो १ राहून जातो, त्यानं पेपर सोडू नये. ती चूक आठवड्याभरात निघते. एप्सिलॉन आधी आणि डेल्टा नंतर का, हेच ज्याला उमगत नाही, त्याला असमानतांपासून आणि 'प्रत्येक', 'किमान एक' या शब्दांपासून सुरुवात करावी लागते. त्याला रोज तासभर, दीड-दोन महिने हवेत. तेवढे हातात नसतील आणि विषय ऐच्छिक असेल, तर बदललेला बरा. पाठांतरावर मात्र कुणीच विसंबू नये: पेपरात २ च्या जागी ३ आला की ५ चे ७ होतात आणि पाठ केलेलं सगळं कोसळतं.

गणितात एम.एस्सी. करायचं असेल, तर जॅमच्या (आयआयटींतल्या एम.एस्सी. प्रवेशाच्या) परीक्षेतही हाच विषय समोर येतो, हेही आपण वेळेवर सांगितलंत.

येत्या रविवारी एस.वाय.ची दोन मुलं येतील. आपण सांगितल्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांचे पेपर सोडवून आणतील आणि जिथे अडलं त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ असेल.

आपले,
टी.वाय. गणिताचे विद्यार्थी, बडोदा