महापालिका शाळांना संध्याकाळी कुलूप नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत मंदिराचा सभामंडप रोज संध्याकाळी भरतो. सहा-सात मुलेमुली मांडीवर वह्या घेऊन ट्यूबलाइटखाली बसलेली असतात. आरती सुरू झाली की वह्या आवरून पायऱ्यांवर येतात, आरती संपली की पुन्हा आत. बहुतेकांचे आईवडील अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये कामाला जातात. घर दोन खोल्यांचे. त्यात लहान भावंडे, टीव्ही आणि रात्रपाळीला जाण्याआधी जरा पडलेले वडील. मुलांनी बसायचे तरी कुठे?

या सभामंडपापासून शंभरेक पावलांवर महापालिकेची शाळा आहे. तिथे बाक आहेत, पंखे आहेत, नळाला पाणी आहे, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे. पण शाळा सुटली की फाटकाला जे कुलूप लागते, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी निघते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला बचत गटाने या शाळेतले दोन वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिकेसाठी मागितले. गटातल्या बायका पाळीपाळीने थांबणार होत्या, विजेचा खर्चही गटच देणार होता. मुख्याध्यापिकांना कल्पना मनापासून आवडली, पण परवानगी देणे त्यांच्या हातात नव्हते. मग एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फेऱ्या झाल्या. अर्जाची पोच मिळाली, उत्तर आजतागायत आलेले नाही. मला कोणा एका अधिकाऱ्याला दोष द्यायचा नाही. ‘उद्या काही झाले तर जबाबदार कोण?’ हा त्यांचा प्रश्न खराच आहे. त्याचे उत्तर नियमात कुठेच लिहिलेले नसेल, तर अर्ज बाजूला ठेवणेच सोपे पडते.

खरे तर धोरण आमच्याच बाजूचे आहे. शाळेची वेळ संपल्यावर मोकळ्या राहणाऱ्या इमारतीचा वस्तीसाठी ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून उपयोग करता येईल, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच म्हटले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात. म्हणजे शाळा आणि वस्ती यांना जोडणारी माणसे आधीपासून समितीत बसलेली आहेत. मतदानासाठी, लसीकरणासाठी याच शाळा उघडतात आणि तेव्हा किल्ली कुणाकडे हा प्रश्न अडत नाही.

अभ्यासिका तर आहेच, पण गरज तेवढीच नाही. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून सुरू आहे. त्यात स्वयंसेवकांनी शिकवायचे असते. आमच्या शेजारच्या आजी असेच एका ओट्यावर बसून शिकल्या. सुरुवातीला पेन्सिल लाटण्यासारखी मुठीत धरायच्या. आता सुनेने औषधाच्या पाकिटांवर लिहिलेले ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ स्वतः वाचून गोळी घेतात. पावसाळा लागला आणि तो ओट्यावरचा वर्ग बंद पडला. पाऊस आला म्हणून शिकणे थांबावे, आणि समोर पक्क्या छपराचे वर्ग रिकामे असावेत, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या नाशिकला अशा कामाची जुनी सवय आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या कुठल्या कुठे पोहोचल्या. अशी एक पेटी वस्तीतल्या शाळेत ठेवली आणि रविवारी सकाळी दोन तास दार उघडे राहिले, तर गृहिणी आणि निवृत्त कामगार पुस्तके न्यायला नक्की येतील. एखाद्या रविवारी जवळच्या डॉक्टरांनी रक्तदाब-साखर तपासायला बसावे.

शिक्षकांवर मात्र यातले एकही काम टाकू नये. त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे.

महापालिकेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती एवढीच, की शहराच्या सहा विभागांत सुरुवातीला एकेक शाळा निवडावी आणि स्थानिक गटांशी करायच्या कराराचा साधा नमुना तयार करावा. किल्ली कुणाकडे, वर्ग झाडणार कोण, मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार, मुलांसोबत बसणाऱ्या माणसांची ओळख कोण तपासणार, हे सगळे त्यात स्पष्ट असावे. कुठल्याही पक्षाचा फलक लागणार नाही, खासगी शिकवणी चालणार नाही, हेही लिहावे. नाहीतर चांगल्या कामाच्या नावाखाली वर्ग कुणीतरी बळकावेल, ही भीती मलाही आहे. देखरेख शाळा व्यवस्थापन समितीने करावी आणि अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे, मग ते नकाराचे का असेना.

आमच्या गटाच्या वहीत पाळ्यांचे पान अजून तसेच आहे. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, सगळे लिहिलेले आहे. परवानगी आली तर त्याच संध्याकाळपासून आम्ही बसायला तयार आहोत.

आपली नम्र,
बचत गटाची एक सदस्य, सिडको, नाशिक