चार दिवस फोन का लागला नाही

सॉल्ट लेक सिटी,
२९ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही आणि आई अर्धं ऐकूनच घाबरते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी माफी मागते. "चार दिवस फिरायला चाललोय" एवढंच सांगितलं, तिथे फोनला रेंज नसते हे सांगितलंच नाही. तुम्हाला घोर नको म्हणून लपवलं आणि त्यापायीच जास्त घोर लावला. परत रेंजमध्ये आल्यावर आईचे ११ मिस्ड कॉल दिसले, तेव्हा पोटात तुटलं. पुन्हा असं करणार नाही.

गेलो होतो ग्रीन नदीवर. पहिला मुक्काम कॅपिटॉल रीफ नॅशनल पार्कमध्ये, फ्रुटा नावाच्या जागी. चहूकडे लाल कडे आणि मधे मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८८० नंतर तिथे वस्ती करून लावलेल्या फळबागा. झाडाखाली बसून सफरचंद खाल्लं तर पैसे नाहीत; घरी न्यायचं तर आपणच वजन करायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. दुसऱ्या दिवशी ग्रीन रिव्हर गावात पोचलो. ते गाव कलिंगड-खरबुजांचं. दोन कलिंगडं गाडीत टाकली. होडीवाल्यांनी आम्हाला रुबी रँचपाशी पाण्यात सोडलं आणि चौथ्या दिवशी दुपारी मिनरल बॉटमला घ्यायला येतो म्हणाले. मधलं अंतर ७२ किलोमीटर, आणि वाटेत एकही गाव नाही.

आई, नदीचं नाव ऐकून घाबरू नकोस. ह्या टप्प्यात खळाळ नाही. वल्ही आत घेतली तरी होडी आपली हळूहळू चालत राहते. तिघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होतंच. तुमच्या नातवाचं जॅकेट आवळताना मला सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोहायला शिकवताना बाबांनी माझ्या पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा आठवला. सुंभ काचायचा म्हणून मी रडायचे आणि बाबा तरी गाठ सैल करायचे नाहीत. मीसुद्धा केली नाही.

सुरुवातीला काठ बसके असतात. मग कडे वाढत जातात, आणि दुपारनंतर मान वर करूनच आकाश बघावं लागतं. आपल्या सह्याद्रीचा दगड लाव्हाचा, काळा. इथला दगड म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातली वाळू. वारा तिच्या जशा टेकड्या रचत गेला तशाच तिरप्या रेघा अजून कड्यावर दिसतात. हात लावला की तळव्याला लाल कण चिकटतात. ह्या घळीला लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया, हे नाव जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञांनी १८६९ मध्ये दिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्यांचा उजवा हात गेला होता, आणि तरी लाकडी नावा घेऊन ते ही नदी आणि पुढे कोलोरॅडो उतरले. बाबा, तुम्हाला हा माणूस फार आवडला असता.

आता खरी गोष्ट सांगते. दुसऱ्या संध्याकाळी वाळूवर तंबू ठोकला आणि पाहिलं, तर प्यायच्या पाण्याचा २० लिटरचा एक कॅन रिकामा. झाकण मीच नीट लावलं नव्हतं; सगळं पाणी होडीत सांडलेलं. नदीत पाणी भरपूर, पण वरच्या भागात वादळी पाऊस झालेला, त्यामुळे रंग थेट आपल्या कृष्णेचा, जुलैतला. फिल्टर पाच मिनिटांत गाळाने बंद पडला. मी हबकून बसले. तेवढ्यात ह्यांनी दाढीच्या पिशवीतून तुरटीचा खडा काढला, बाबांनी दिलेला. बादलीत पाणी घेतलं आणि आई फिरवायची तसा खडा हातात धरून फिरवला. मोजून सात वेळा, कारण तू सातच म्हणायचीस. झाकून ठेवलं. पहाटे बॅटरी धरून बघितलं तर तळाशी बोटभर चिखल आणि वर बादलीचा तळ दिसेल असं नितळ पाणी. ते हलक्या हाताने ओतून घेतलं, गाळलं, उकळलं आणि पहिला चहा केला. नदीवरची जुनी माणसं इथेही तुरटीच वापरतात, हे नंतर होडीवाल्याकडून कळलं. मला वाटायचं हे फक्त आपल्या घरचं.

तिसऱ्या दिवशी बोनॉट बेंड लागलं. नदी तिथे ११-१२ किलोमीटरचा वळसा घेते आणि परत जवळजवळ तिथेच येते, मधे फक्त एक अरुंद कडा. आम्ही त्या खिंडीत चढलो. एका बाजूला आलेली नदी, दुसऱ्या बाजूला अख्खा वळसा घालून परतलेली नदी. नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांना इथे कसं आणायचं?"

मीही त्याच विचारात होते. खिंडीत नाही, पण डेड हॉर्स पॉइंट नावाच्या कड्यावर गाडी पार वर जाते. खाली ६०० मीटरवर कोलोरॅडो वळताना दिसते, बसायला जागा आहे, गुडघ्यांना त्रास नाही. एप्रिलमध्ये तुम्ही येताय तेव्हा तिथे नक्की नेणार.

चुलीची राखसुद्धा डब्यात भरून परत आणावी लागते, असा इथला नियम आहे. आमचा वाळूवरचा मुक्काम उठला तेव्हा फक्त पावलं उरली होती.

तुरटी झिजून सुपारीएवढी राहिलीय, येताना दोन मोठे खडे आणा. आणि बाबा, तो पत्र्याचा डबा अजून माळ्यावर आहे का? असला तर भंगारात घालू नका.

तुमची,
बेबी