किल्ली लावू नका, मी येतो

दादा,

आमची गाडी दुरुस्त केलीत, तेव्हा गॅस्केटचे (इंजिनाच्या जोडात बसणाऱ्या पट्टीचे) आणि मजुरीचे पैसे तुम्ही घेतलेत. पहाटे पाचवडहून वाईला आलात त्याचे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर "असू द्या, ताई" म्हणून मोटारसायकलला किक मारलीत. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

७ महिने आमच्या गाडीत तो पिवळा इंजिनाचा दिवा जळत होता. आठवड्यातून तीनदा मी बाबांना डायलिसिससाठी साताऱ्याला नेते. परत येताना ते पार गळून गेलेले असतात, मान खिडकीला टेकलेली. माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या दिव्यावर. आनेवाडीच्या टोलनाक्याच्या पुढे गाडी बंद पडली तर यांना घेऊन मी कुठे उभी राहू, हे रोज मनात यायचं.

मोठ्या सर्व्हिस सेंटरला तीन वेळा गेले. स्कॅनर लावला, पी ०१७१ असा कोड आला. म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला. १२ दिवसांत दिवा परत. इंजेक्टर साफ केले; परत. तिसऱ्यांदा फ्युएल पंपाचं एस्टिमेट हातात दिलं. मधे एकाने बॅटरीची तार काढून पुन्हा लावली, दिवा विझला, "झालं काम" म्हणाला. चौथ्या दिवशी दिवा होताच. मायलेज १७ वरून १३ वर आलं होतं. सकाळी गाडी सुरू केली की टकटक आवाज येतो, हे मी प्रत्येकाला सांगितलं. "आम्हाला तर येत नाही, मॅडम." येईल कसा? ३५ किलोमीटर तापून आलेली गाडी त्यांच्यासमोर उभी असायची. एवढं एकालाही सुचू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्हाला फोनवर हेच सांगितलं तर तुम्ही एकच विचारलंत, "गरम झाल्यावर आवाज जातो का?" मी हो म्हणाले. "मग उद्या सकाळी गाडीला किल्ली लावू नका. मी येतो."

सहाला तुम्ही दारात होतात. पुढचं मला जन्मभर लक्षात राहील. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ३१ वर्षं एसटी चालवली, हे मी तुम्हाला सहज बोलून गेले. तुम्ही बॉनेट उघडायचं सोडून त्यांच्याकडे गेलात, उकिडवे बसलात आणि विचारलंत, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, आवाज कुठनं येतोय?"

दोन वर्षांत त्यांना असं कुणी काही विचारलं नव्हतं, दादा. डॉक्टर मला विचारतात, नातेवाईक मला विचारतात, मीही हल्ली त्यांच्याबद्दल दुसऱ्यांशीच बोलते. बाबा म्हणाले, "सायलेन्सरच्या अंगानं. धूर बाहेर पडायच्या तोंडाशी." तुम्ही त्यांना हात देऊन गाडीपाशी आणलंत, रबरी नळीचं एक टोक त्यांच्या कानाला दिलंत, दुसरं इंजिनाजवळ फिरवत नेलंत. मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळकांड्यापाशी, नळी आली आणि बाबांनी हात वर केला. डबल बेल ऐकून गाडी सोडणाऱ्या माणसाचा हात होता तो, पेशंटचा नव्हता.

ते आवळून धरणारा एक स्टड (बोल्ट) तुटलेला, गॅस्केट जळलेलं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढचा ऑक्सिजन सेन्सर जास्तीचा ऑक्सिजन बघून पेट्रोल कमी आहे असं कळवायचा, आणि गाडी विनाकारण पेट्रोल वाढवत बसायची. धातू तापून फुगला की फट मिटायची, आवाज बंद. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. जुना उगाच फेकला आम्ही.

जाताना तुम्ही आणखी एक सांगितलंत: दिवा नुसता लागलेला असेल तर जपून घरी या आणि गाडी दाखवा, लुकलुकायला लागला तर मात्र लगेच बाजूला घ्या, पुढे रेटू नका. ७ महिन्यांत हे वाक्य मला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर किती रात्री मी झोपले असते!

एसी वेटिंग रूम, कॉफी, सर्व्हिस कशी वाटली म्हणून येणारे फोन, हे सगळं मला मिळालं होतं. समोरच्याचं म्हणणं खरं धरून चालणं तेवढं मिळालं नव्हतं. त्याला काही खर्च येत नाही, तरी ते इतकं दुर्मीळ का झालंय, मला खरंच कळत नाही. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आजारी माणूस घरात असलेल्यांचे दिवस निघतात.

दिवा गेला त्याला आता महिना झाला. नळी तुम्ही ओट्यावरच विसरलात. बाबा ती कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांचा निरोप आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडून कधीही चहाला या, आणि येताना तुमची मोटारसायकल जरा त्यांच्यासमोर चालू ठेवा. त्या दिवशी निघताना तिची चेन वाजत होती म्हणतात.