बूट घालण्याआधीची दहा मिनिटे

पुणे,
१४ जुलै

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला असताना आणि डॉक्टरांनी सहा आठवडे धावू नकोस असे बजावलेले असताना तू पहाटे साडेचारला टेकडीवर गेलास आणि घरी ‘दूध आणायला गेलो होतो’ असे सांगितलेस, हे वाचून मला हसू आले नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच करीत होतो. फक्त टेकडीऐवजी इमारतीचा जिना होता आणि कोणाला चाहूल लागू नये म्हणून तो मी अनवाणी चढत असे.

याला लोक जिद्द म्हणतात, आणि ते ऐकायला आपल्यालाही बरे वाटते. पण धावणे चुकले म्हणून ताटावर बसताना अपराधी वाटू लागले, की तो सराव उरत नाही.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. धावायची ऊर्मी आली की मी बुटांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसतो, एक हात पोटावर ठेवतो, नाकाने ४ अंक मोजत श्वास घेतो आणि ६ अंक मोजत सोडतो. म्हणजे मिनिटाला ६ श्वास झाले. एरवी बसल्या जागी आपले १२ ते २० होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, नाडीवर बोट ठेवलेस तर तुलाही जाणवेल. ते काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे, म्हणून सोडायचा श्वास लांब ठेवायचा. छाती फुगवून जोर मात्र लावू नकोस. तसे केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि घाबरलेल्या मनाला आणखी एक निमित्त मिळते. कपालभातीही सध्या नको; आवर्तने मोजायची म्हटली की आपल्या स्वभावाला ती नवी शर्यतच. भ्रामरी चालेल, गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो.

माझे तेच झाले होते. घड्याळात श्वासाच्या सत्रांची नोंद ठेवू लागलो, सलग १९ दिवस भरले, विसाव्या दिवशी सत्र चुकले आणि पोटात तोच जुना खड्डा पडला. घड्याळ बायकोकडे दिले. तिने ते तांदळाच्या डब्यात टाकले.

दहा मिनिटांत ऊर्मी जातेच असे नाही. पहिल्या आठवड्यात मी तीनदा बूट घातले. पण ती चढते तशी उतरतेही, हे एकदा बसून अनुभवले की तिचा धाक कमी होतो.

श्वासाने हाड मात्र जुळत नाही. तू जेवण तोडले आहेस, हे तुझ्या पत्रात न लिहिताही कळते. सरावाला पुरेल इतके न खाल्ल्याने हाडे, संप्रेरके आणि हृदय यांवर होणाऱ्या परिणामांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले, इतका हा प्रकार खेळाडूंत आढळतो. तेव्हा क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना सारे खरे सांग, टेकडीसुद्धा.

रविवारी पहाटे साडेचारला मी तुझ्या दारात असेन, चपला घालून. दूध आपण दोघे मिळून आणू.

तुझा,
अनंत